पोवळ्यांचं औषध

करंगळी पाण्यात बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे आणि थोडा वेळ कुणी काही बोललं तरी ऐकायचं नाही. मग डोळे उघडून म्हणायचं, "मूठभर कमी हाय." मास्तरांच्या घरी काचेच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्याची परीक्षा अशी व्हायची. मी केमिस्ट्रीचा पदवीधर, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. सुरुवातीला मी त्यांच्यामागून यंत्र लावून मीठ मोजून बघत असे. दहा वेळा तरी मोजलं असेल. ते एकदाही चुकले नाहीत, आणि मग मी मोजणं सोडून दिलं.

"तुमचं यंत्र चांगलं हाय ओ बीएस्सी," ते म्हणायचे, "पण त्याला जीभ न्हाय की."

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, रंगमास्तर. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेल-चादरींचं सूत रंगवणारे रंगखाने आहेत, पूर्वी पुष्कळ होते. त्यातल्या एकात त्यांनी चाळीस वर्षं काढली. उकळत्या टाकीतून सुताची लड काडीवर उचलायची, उजेडात एकदा फिरवायची आणि "अजून थोडं निळं" किंवा "काढा" एवढंच बोलायचं. गिऱ्हाइकाचा नमुना आणि त्यांची लड शेजारी ठेवली तर कुठली कुणाची ते मालकालाही ओळखता येत नसे, असं त्यांच्या हाताखालची माणसं अजून सांगतात. घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी मराठी, शिक्षण चौथी. तुमच्याही माहितीत असं एखादं माणूस असेल, ज्याला विचारल्याशिवाय पदवीवाले पुढचं पाऊल टाकत नाहीत.

मी मंगळवेढ्याच्या पलीकडच्या खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. शिकायला सोलापुरात आलो तेव्हा मास्तरांच्या माडीवरची खोली मिळाली आणि नोकरी लागल्यावरही मी ती सोडली नाही. लॅबच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मास्तरांनी माझी पँट दोरीवर पाहिली. गुडघ्यावर ती इतकी विटली होती की मूळ रंग कुठला हे मलाही सांगता आलं नसतं. मास्तरांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, पाणी तापवायचं पातेलं चुलीवर चढलं, कुठल्याशा पुडीतला रंग आणि मूठभर मीठ पडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर गडद निळी पँट होती. घालताना मला ती क्षणभर दुसऱ्याची वाटली. काकू त्या पातेल्यासाठी आठवडाभर बोलत होत्या. मास्तर म्हणाले, "नोकरी लागली तर नवं पातेलं तुमी आणा. न्हाय लागली तर मी आणतो."

नोकरी लागली. मी पातेलं आणलं. काकूंनी ते कधी चुलीवर ठेवलं नाही, फळीवर उपडं ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

टाकीची गोष्ट अशी. रंगखाना बंद झाला तेव्हा मालकाच्या बंगल्यातलं सामानही निघालं. हौसेने मांडलेली समुद्राच्या पाण्याची एक मोठी टाकी तिथे होती. मासे मरून गेले होते आणि पाणी हिरवट झालं होतं. मास्तर निरोप घ्यायला गेले आणि हातगाडीवर ती टाकी घालून परत आले. तळाच्या एका दगडावर नखाएवढं काहीतरी जिवंत होतं. मळकट जांभळ्या रंगाचा तो ठिपका कुणाला दिसलाही नसता. मास्तरांना दिसला.

ते पोवळं होतं. पोवळं म्हटल्यावर काकूंना अंगठीतला खडा आठवला आणि त्या दोन दिवस खूश होत्या. मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं की हा जीव आहे. मऊ जातीचा. दगडी जातीची पोवळी पाळायला कायद्याने बंदी आहे, हे त्यातलं नव्हे. त्याच्या अंगात डोळ्यांना दिसणार नाही असं बारीक शेवाळ राहतं. तेच त्याला अन्न देतं आणि रंगही देतं. पाणी तापलं, बिघडलं, की शेवाळ त्याला सोडून जातं आणि पोवळं पांढरं पडतं.

"रंग उतरला की मेलं," मास्तर म्हणाले.

मी म्हणालो, लगेच नाही, पण उपाशी पडतं आणि हळूहळू मरतं.

"तेच की. सुताचंबी तसंच."

रंगखाना बंद झाल्यापासून ते ओट्यावर नुसते बसायचे आणि समोरून जाणाऱ्या बायकांच्या लुगड्यांच्या रंगांना मनातल्या मनात नावं ठेवायचे. टाकी आल्यावर ते आत बसू लागले. पुण्याच्या एका विक्रेत्याकडून थर्माकोलच्या खोक्यात, ट्रॅव्हल्सच्या गाडीने, पोवळ्यांचे बोटाएवढे तुकडे यायचे. हिरवं बटणासारखं, केशरी झालरीचं, एक निळसर. वर्ष-दीड वर्षात दगडावर दगड भरले. उन्हाळ्यात गल्लीतल्या माठाला ओलं फडकं नसेल पण मास्तरांच्या टाकीवर पंखा असायचा आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या तरंगायच्या. काकू विड्या वळत बसायच्या, समोर सूप, मांडीवर पानं. म्हणायच्या, "मला कवा पंखा लावला न्हाय ओ ह्यांनी. मी खाऱ्या पाण्यात बसायला पायजे हुतं."

इंग्रजी वाचायचं काम माझं होतं. रविवारी दुपारी मी फोन घेऊन टाकीशेजारी बसायचो, वाक्य वाचायचो आणि मराठीत सांगायचो. मला ते काम फार आवडायचं. माझं इंग्रजी कॉलेजात कुणी ऐकून घेतलं नव्हतं, इथे एक माणूस हातातलं काम थांबवून ऐकत होता. अशाच एका रविवारी मी घरगुती टाकीतल्या पोवळ्यांना जीवनसत्त्वं देण्याबद्दलचं एक पान वाचून दाखवलं. क जीवनसत्त्व, बी-बारा, अगदी थोडं, ठरावीक दिवसांनी. काही लोकांची पोवळी त्याने चांगली फुलतात, रंग गडद होतो. त्याच पानावर पुढे लिहिलं होतं की याला पक्का आधार फारसा नाही, आणि जास्त झालं तर पाणी नासतं. जास्त झालं तर काय ते मी सांगितलं. पक्का आधार नाही हे मात्र सांगितलं नाही. इतका वेळ वाचून शेवटी "नक्की माहीत नाही" म्हणायचं मला जिवावर आलं.

लॅबला रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून मी क जीवनसत्त्वाची शुद्ध भुकटी आणून दिली. मास्तर ती काडीच्या टोकावर घ्यायचे, वाटीत विरघळवायचे आणि थेंबाथेंबाने सोडायचे. पंधरा दिवसांनी ते मला हाताला धरून टाकीजवळ घेऊन गेले. केशरी झालर खरोखर उजळली होती, किंवा मला तसं वाटलं. "रंग खोटं बोलत न्हाय," ते म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसं, बिलं, मालक, सगळ्यांबद्दल बोलून झालं की शेवटी ते यायचं.

त्या एप्रिलमध्ये एका दुपारी मास्तर बाजारातून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठे निसटली त्यांना माहीत नव्हतं. डांबर पाघळेल असं ऊन होतं. तळव्याला रुपयाएवढे दोन फोड आले होते आणि त्यांना ते काकूंनी दाखवले तेव्हा समजले. काकू रडायला लागल्या. मास्तर पाय वर करून फोडांकडे असे बघत होते की पाय शेजाऱ्याचा असावा. "चाळीस वरस गरम पाण्यात हातपाय घातलेत," ते म्हणाले, "कातडं मेलंय. धंद्याचं हाय हे."

मी त्यांना लॅबमध्ये नेलं. बी-बाराचा आकडा यंत्राने दिलाच नाही. सर्वांत कमी जेवढं मोजता येतं त्याच्याही खाली, अशी खूण छापून आली. डॉक्टरांनी तपासलं, पायाच्या अंगठ्याला ठोकला की थरथरणारा धातूचा काटा लावला, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मास्तर डोळे मिटताच कलंडले. डॉक्टर म्हणाले, यांचं पोट हे जीवनसत्त्व शोषूनच घेत नाही. अंडी खा, गोळ्या खा, उपयोग नाही. इंजेक्शनच घ्यायचं, सुरुवातीला दिवसाआड, मग महिन्याला, आणि जन्मभर सोडायचं नाही.

औषध मीच आणलं. तपकिरी काचेच्या बारीक कुप्या, आत गडद लाल पाणी. मास्तरांनी एक कुपी खिडकीशी धरली आणि बराच वेळ फिरवली. असा लाल त्यांनी रंगखान्यातही पाहिला नव्हता म्हणे. मग विचारलं, "हे तेच का ओ, तुमी त्या दिवशी वाचलेलं? पोवळ्यांचं?"

मी म्हणालो, हो, तेच. माणसाला आणि पोवळ्याला एकच जीवनसत्त्व लागतं याचं मला कौतुक वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

टोचायचं काम दोन गल्ल्या पलीकडच्या कंपाउंडरकडे होतं. मी टोचतो म्हणालो तर मास्तर म्हणाले, त्याचा हात हलका हाय. एक खोकं संपलं, मी दुसरं आणलं. दुसरं संपत आलं तरी मास्तर भिंतीला हात लावूनच चालत होते. मला वाटलं, वेळ लागत असेल. काकू म्हणायच्या, कंपाउंडरकडं जाऊन येतेत की दर खेपेला, चहा पिऊन येतेत.

एका रविवारी सकाळी मी न सांगता खाली आलो. काकू विड्या द्यायला कारखान्यात गेल्या होत्या. मास्तर टाकीसमोर स्टुलावर बसले होते. त्यांनी कुपीची मान मोडली, सावकाश, काच हाताला लागू न देता, आणि कुपी पाण्यावर उपडी केली. लाल धागा खाली उतरला, फाकला, गुलाबी झाला आणि दिसेनासा झाला. मांडीवर दुसरी कुपी तयार होती.

मी दारातच थांबलो. त्यांनीच मान वळवली आणि चोरी पकडली गेल्यासारखं न हसता, अगदी कामाचं बोलत असल्यासारखं सांगितलं. सूत रंगवायच्या आधी एक लड नमुना म्हणून रंगवतात. नमुना बिघडला तर तो रंग अख्ख्या गठ्ठ्याला लावायचा नाही, हा रंगखान्याचा कायदा. त्यांनी तसाच नमुना घेतला होता. पहिली कुपी स्वतःला टोचून घेतली, दुसरी टाकीत ओतली आणि आठ दिवस बघितलं.

"मला टोचलं तवा पायात मुंग्या वाढल्या," ते म्हणाले. "रातभर भाजत हुतं. आणि ह्ये निळं बघा, तीन दिवसांत कसं उघडलं. मला लागू न्हाय ते औषध. ज्याला चढतंय त्याला द्यायचं की ओ."

मी म्हणालो, मास्तर, औषध महाग नाही, तुमचं वेगळं आणि त्यांचं वेगळं आणतो, पण तुम्ही घ्या. त्यांनी लगेच मान हलवली. व्हय, आणा. मी दोन खोकी आणली. आठवड्यात दोन्ही रिकामी झाली आणि त्यांच्या दंडावर सुईची खूण नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "काकूला सांगू नका. तिला कळलं तर टाकी इकून टाकती." माझ्याकडे ते याआधी कधी काही मागायला आले नव्हते. मी हो म्हणालो.

त्या दुपारी मी फोनवर या आजाराबद्दलचं पान उघडलं आणि त्यांना वाचून दाखवायला बसलो. म्हटलं, स्वतः ऐकतील तर घाबरतील आणि घेतील. वाचता वाचता एका वाक्यावर आलो. उपचाराला उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहतं, असं तिथे साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना असं घाबरवणं मला जमेना. मी मराठीत सांगितलं, "बरं व्हायला जरा वेळ लागतो."

"मग लागू दे की," मास्तर म्हणाले.

या एका वाक्याबद्दल मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. माझ्या आईला अक्षर येत नाही, तिला मी दवाखान्याचा प्रत्येक कागद शब्दाला शब्द वाचून दाखवतो. मास्तरांना मात्र मी चुकीचं वाचून दाखवलं, तेही मायेने.

दिवाळी झाली, थंडी गेली. मास्तरांचं चालणं लाकडी बाहुलीसारखं झालं, पाऊल उचलून आपटायचं. ते बाजारात जाईनासे झाले. पण टाकीपुढून उठत नव्हते, कारण आता पोवळ्यांना काहीतरी झालं होतं. ती फिकी पडत होती. रोज सकाळी मला हाक यायची. "बीएस्सी, हे हिरवं बघा. पार राख दिसूलालंय."

मी बघायचो. मला ते हिरवं दिसायचं, कच्च्या कैरीसारखं हिरवं. केशरी झालर केशरीच दिसायची. मी एकदा तसं बोललोही. ते हसले. "तुमाला काय कळतंय ओ रंगातलं. पँट कुठल्या रंगाची ते कळत नव्हतं." ते खरंच होतं. ज्या माणसाला चाळीस वर्षं कुणी रंगात चूक दाखवू शकलं नाही, त्याच्यापुढे मी माझ्या डोळ्यांवर कसा विश्वास ठेवणार? मला वाटलं, काहीतरी बारीक फिकेपण असेल, जे आपल्यासारख्याला दिसत नाही.

तर मग औषध वाढलं. कुप्या एकाच्या दोन, दोनाच्या तीन, आणून देणारा मीच. भुकटी काडीच्या टोकावरून चमच्यावर गेली. हात थरथरायचे, बोटांना चिमूट कळायची नाही, किती पडलं ते त्यांनाही समजत नसे. वाटीतलं पाणी ते जिभेला लावायचे आणि मान हलवायचे. काकूंना वाटायचं, म्हातारा जरा निवांत बसलाय, बसू दे.

मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाला मी चार दिवस गावी गेलो. भुकटी संपली. मास्तरांनी शेजाऱ्याला मेडिकलमध्ये पाठवून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मागवल्या. मेडिकलवाल्याने जे सगळ्यांना देतात तेच दिलं, चघळायच्या नारिंगी गोळ्या. त्यात निम्मी साखर असते. मास्तरांनी त्या वरवंट्याने कुटल्या आणि तीन दिवस टाकीत घातल्या. साखरेवर पाण्यातले जंतू वाढले आणि त्यांनी पाण्यातला प्राणवायू खाल्ला. चौथ्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. हवा सोडणारा पंप बंद, पंखा बंद.

मी दुपारी एसटीतून उतरून घरी आलो. दारातच वास आला. टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं, काचेच्या आतलं काहीच दिसत नव्हतं. मास्तर उभे होते, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. बोटांनी चाचपून एकेक दगड वर काढत होते. दगडावरून बुळबुळीत पातळ काहीतरी ओघळत होतं. काकू पदर नाकाला लावून मागे उभ्या होत्या.

"बघा की," मास्तर मला म्हणाले, "ह्यात कोण ऱ्हायलंय का बघा."

मी म्हणालो, कुणी नाही.

त्यांनी हात बाहेर काढले, मागे एक पाऊल टाकलं आणि बसायला स्टूल आहे असं समजून सरळ खाली गेले. त्यानंतर ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले नाहीत.

दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक धरलं. ठिपक्यांतला आकडा ओळखायचा होता. मास्तरांनी एकही पान ओळखलं नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पायाच्या नसा गेल्या तशीच डोळ्याची नसही सुकत आली आहे. अशा वेळी नजर मंद होण्याआधी रंग जातात, सगळं धुतल्यासारखं फिकं दिसतं. बरेच महिने तसं दिसत असणार.

मी व्हरांड्यात जाऊन बसलो. पोवळी फिकी पडलेली नव्हतीच. मी पाहत होतो तेच खरं होतं. मास्तरांच्या डोळ्यांतला रंग उतरत होता, त्यांना तो टाकीत उतरलेला दिसत होता, आणि तो परत चढावा म्हणून ते स्वतःचं औषध तिकडे ओतत होते. जितकं ओतत होते तितकं फिकं दिसत होतं. आणि मी रोज सकाळी शेजारी उभा राहून मान हलवत होतो.

त्यांची मुलगी हैदराबादहून आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणायचो. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये सुरुवातीपासून होता. तिने फळीवरचं खोकं उघडलं तर आत रिकाम्या कुप्या नीट रांगेत लावलेल्या. रंगखान्याची सवय, रिकामी भांडीही रांगेत. तिने मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "हो."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "आमच्या घरात तुम्ही एकटेच शिकलेले होता."

त्यानंतर इंजेक्शन मी दिलं. रोज, मग आठवड्याला, चुकवलं नाही. मास्तर दंड पुढे करायचे, सुई गेली तरी त्यांना कळायचं नाही. मी सांगायचो, झालं. ते म्हणायचे, "झालं का?" मनात आलं की तेलुगूत काकूंशी भांडायचे, कधी रंगखान्यातल्या कुणाला तरी आच कमी कर म्हणून सांगायचे. पडून पडून पाठीला जखम झाली. ती भरेना. दुपारी मी लॅबमधून येऊन कूस बदलायला मदत करायचो. काकूंनी टाकी घासून कोरडी केली आणि तिच्यात विडीची पानं भिजत घालायला लागल्या. एवढं मोठं भांडं घरात दुसरं नव्हतं.

दसऱ्याच्या आधी जखमेचं विष अंगात भिनलं आणि मास्तर गेले.

लॅबमध्ये न नेलेल्या रिपोर्टांचा एक कप्पा असतो. तीन महिने वाट बघायची, मग फाडून टाकायचं, असा नियम आहे आणि ते काम माझ्याकडे आहे. त्यांचा शेवटचा रिपोर्ट त्यात पडून होता. बी-बारा भरपूर, वरच्या मर्यादेच्याही वर. आकड्यापुढे यंत्राने चांदणी छापली होती. मुदत भरल्यावर मी तो इतरांबरोबर फाडला.

त्या तपासणीसाठी रक्त काढलं ती सकाळ मात्र डोळ्यांपुढून जात नाही. मास्तर त्या दिवशी शुद्धीत होते. खिडकी उघडी होती, काकू बाहेर नळावर होत्या. शीर पहिल्या खेपेलाच सापडली. नळी भरत असताना त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले, पण नजर माझ्या बाजूला कुठेतरी पडली.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, तब्येतीचं विचारत आहेत. मी म्हणालो, चांगलं आहे.

"रंग ओ. रंग कसा हाय?"

"लाल."

"लाल तर सगळंच असतंय. कुटला?"

मी नळी खिडकीच्या उजेडात धरली. शिरेतलं रक्त सगळ्यांचंच गडद असतं, आम्ही रोज शंभर नळ्या बघतो, कुणी रंगाकडे लक्ष देत नाही. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. तिरकी केली, सरळ केली.

"डाळिंबी," मी म्हणालो. "पिकलेल्या डाळिंबाचा. काठाला थोडा काळपट."

ते ऐकत राहिले. मी चुकतोय का बरोबर, हे त्यांना बघता येत नव्हतं. मग त्यांनी हात सोडवून घेतला आणि काडीवरून लड उतरवताना हाताखालच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "मग चढलाय. आता काढा भाईर, वाळत घाला."